‘अचूक’ मॉडेल : कोणाचं, कधीचं आणि कशासाठी?

सिनॉप्सिस लिहिताना ‘अचूक’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. “प्रस्तुत संशोधनात अमुक प्रक्रियेचं अचूक मॉडेल तयार करण्यात येईल” असं वाक्य लिहिलं की उद्दिष्ट भारदस्त वाटतं. मग समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, “अचूक म्हणजे किती? आणि कशाशी ताडून?” यावर उत्तर नसेल तर पुढची दोन वर्षं नक्की काय सिद्ध करायचं आहे हेच ठरलेलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. विषय मंजूर झाला तरी हा प्रश्न सुटत नाही, तो थेट व्हायवापर्यंत मागे येतो.

या शब्दाची चिकित्सा आज आपण वेगळ्या ठिकाणाहून करू. उदाहरण आहे आधुनिक विनाशिकेच्या प्लास्टिक स्केल मॉडेलचं. नेमकं सांगायचं तर अमेरिकन नौदलाच्या आर्ले बर्क वर्गातल्या युद्धनौकेचं, 1:350 या प्रमाणातलं मॉडेल. किट विकत आणायचं, साच्यातून निघालेले भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. हा छंद असलेली माणसं अचूकतेबद्दल भलतीच काटेकोर असतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे, आणि त्यांच्या काटेकोरपणावर टीका करण्यासारखंही. आपल्याला दोन्ही हवं आहे.

आधी एक साधा प्रश्न : कोणतं जहाज?

‘आर्ले बर्क वर्गाचं अचूक मॉडेल’ अशी वस्तूच असू शकत नाही. या वर्गातलं पहिलं जहाज, डीडीजी-51, 4 जुलै 1991 ला नौदलात दाखल झालं. तेव्हापासून 70 हून अधिक जहाजं झाली, आणि बांधणी अजून सुरू आहे. इतक्या वर्षांत आराखडा बदलत गेला. फ्लाइट 1, फ्लाइट 2, फ्लाइट 2ए आणि आता फ्लाइट 3 अशा त्याच्या पिढ्या आहेत.

फ्लाइट 1 मधल्या जहाजांना मागे हेलिकॉप्टर उतरायला डेक आहे, पण हँगर नाही. फ्लाइट 2ए पासून, म्हणजे डीडीजी-79 पासून, दोन हेलिकॉप्टरांसाठी हँगर आले. आता हँगर आले म्हटल्यावर मागच्या बाजूच्या रडारच्या स्थिर पाट्यांना समोर अडथळा होणार. म्हणून त्या पाट्या एक मजला, सुमारे 2.4 मीटर, वर गेल्या. क्षेपणास्त्रांच्या उभ्या कप्प्यांची संख्या 90 वरून 96 झाली, कारण कप्प्यांची जागा अडवणाऱ्या, क्षेपणास्त्रं भरण्याच्या क्रेन काढून टाकल्या. डीडीजी-81 पासून पुढची तोफ लांब नळीची आली. म्हणजे फ्लाइट 1 च्या किटवर मागे दोन हँगर चिकटवले की फ्लाइट 2ए तयार झालं, असं होत नाही. एक बदल दुसऱ्याला ओढून आणतो.

आता मापं बघा. फ्लाइट 1 ची लांबी सुमारे 154 मीटर, फ्लाइट 2ए ची साधारण 155.3. प्रमाण 1:350 धरलं तर 440 मिलिमीटर आणि 444 मिलिमीटर. फरक जेमतेम 4 मिलिमीटर, एक टक्क्याच्या आत!

किटांची परीक्षणं वाचलीत तर बऱ्याच ठिकाणी पहिली कसोटी हीच दिसते. पट्टी लावली, लांबी मोजली, खऱ्या लांबीला 350 ने भागलं, जुळलं, किट अचूक. माझी पहिली टीका इथे आहे. लांबी हे मोजायला सोपं माप आहे, म्हणून ते मोजलं जातं. पण दोन वेगळ्या जहाजांमधला भेद पकडण्याची ताकद त्या मापात नाही. हँगर असलेलं आणि नसलेलं, दोन्ही जहाजं त्या पट्टीला सारखीच ‘अचूक’ वाटतात.

आपल्याकडे हेच कसं होतं ते पाहा. समजा, तुमच्या नमुन्यात 100 पैकी 95 जण निरोगी आहेत. ‘सगळे निरोगी’ असं डोळे मिटून सांगणारी पद्धतही 95 टक्के अचूक ठरते, आणि रुग्ण मात्र एकही सापडत नाही. आकडा खोटा नाही, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. म्हणून मापदंड निवडताना स्वतःला विचारा : माझं मॉडेल चुकीचं असेल, तर हे माप ते पकडेल का?

मग दुसरा प्रश्न : कधीचं जहाज?

जहाजाचं नाव ठरलं तरी काम संपत नाही. यूएसएस कोल, डीडीजी-67, घ्या. 12 ऑक्टोबर 2000 रोजी येमेनच्या एडन बंदरात स्फोटकांनी भरलेली छोटी बोट तिच्या डाव्या बाजूला येऊन फुटली. 17 नौसैनिक मृत्युमुखी पडले. जहाजाच्या अंगाला सुमारे 12 बाय 18 मीटरचं भगदाड पडलं. ब्लू मार्लिन नावाच्या, अवजड माल पाठीवर वाहून नेणाऱ्या जहाजावरून तिला अमेरिकेत आणलं, पॅस्कागुला इथे दुरुस्ती झाली आणि एप्रिल 2002 मध्ये ती पुन्हा ताफ्यात गेली.

तर ‘कोलचं अचूक मॉडेल’ म्हणजे कोणत्या तारखेचं? स्फोटाआधीचं, ब्लू मार्लिनच्या पाठीवरचं, की दुरुस्तीनंतरचं? 1:350 मध्ये ते भगदाड साधारण 34 बाय 51 मिलिमीटरचं होईल, लक्ष वेधून घेणारं. दुरुस्तीनंतरच्या मॉडेलमध्ये त्याची बाहेरून काहीच खूण नसेल. दोन्ही मॉडेलं आपापल्या तारखेला प्रामाणिक असू शकतात. पण दुसरं मॉडेल कितीही काटेकोर असलं, तरी या जहाजाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना ते सांगत नाही. बाह्यरूपाची अचूकता आणि इतिहासाची अचूकता या वेगळ्या गोष्टी आहेत. एक पूर्ण केली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

समाजशास्त्र, इतिहास किंवा शिक्षणशास्त्रात काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. ‘ग्रामीण शाळांची स्थिती’ या विषयात कोणत्या शाळा, आणि कोणत्या वर्षीच्या? तारीख न सांगता केलेलं वर्णन हे वेगवेगळ्या वर्षांचे भाग एकत्र चिकटवलेल्या जहाजासारखं असतं. प्रत्येक भाग खरा असतो, पण असं जहाज समुद्रात कधीच नव्हतं.

साहित्य काय करू देतं?

आता थोडं गणित करू, कारण इथेच मॉडेलकारांची खरी कसोटी लागते.

डेकच्या कडेचा कठडा साधारण एक मीटर उंच असतो. मॉडेलमध्ये 3 मिलिमीटर. ते जमतं. पण कठड्याची तार समजा एक सेंटिमीटर जाड असेल, तर मॉडेलमध्ये ती 0.03 मिलिमीटर हवी, म्हणजे माणसाच्या केसाच्याही निम्म्याहून कमी. साच्यातून काढलेला प्लास्टिकचा भाग अर्ध्या मिलिमीटरचा असला, तर खऱ्या मापात तो साडेसतरा सेंटिमीटरचा ओंडका झाला. म्हणून लोक रसायनानं कोरलेल्या पातळ पितळी पट्ट्यांचे कठडे वापरतात. त्यांची जाडी 0.15 मिलिमीटर धरली, तरी खऱ्या मापात सव्वापाच सेंटिमीटर. शिवाय तार गोल असते आणि पट्टी चपटी. ‘अचूकतेसाठी’ वेगळे पैसे मोजून आणलेला कठडासुद्धा पाचपट जाड आहे!

मग तो लावायचा की नाही? माझं मत : लावायचा. कारण कठडा नसलेलं डेक बघणाऱ्याला त्याहून मोठी चुकीची माहिती देतं. इथे जाडीची अचूकता सोडून असण्याची अचूकता घेतली आहे, आणि अशी देवाणघेवाण गैर नाही. ती कबूल न करणं मात्र गैर आहे.

याच्या उलट उदाहरण म्हणजे जहाजाच्या अंगावर कोरलेल्या पत्र्यांच्या रेघा. आधुनिक विनाशिका वेल्डिंगनं जोडलेली असते. दोन पत्र्यांच्या मध्ये चर नसते. मॉडेलवर 0.1 मिलिमीटरची रेघ कोरली, तर खऱ्या जहाजावर ती साडेतीन सेंटिमीटर रुंद चर झाली. पण या रेघांमुळे मॉडेल ‘तपशीलवार’ दिसतं, आणि बघणारा तपशील व अचूकता यांत गल्लत करतो. कठड्यात जाडी चुकली, पण वस्तू खरी होती. इथे वस्तूच खरी नाही. दोन्हींना ‘किरकोळ तडजोड’ म्हणून एकाच पारड्यात टाकणं मला मान्य नाही.

प्रबंधात याचं रूप म्हणजे दशांश चिन्हापुढचे चार आकडे. 38 जणांच्या प्रश्नावलीवरून काढलेली सरासरी 3.4737 अशी छापली की काम बारीक वाटतं. ती कोरलेली रेघच आहे.

पुरावा कुठून आणता?

सेवेत असलेल्या युद्धनौकेचे पूर्ण आराखडे बाजारात मिळत नाहीत. पाण्याखालचा आकार, पंख्याच्या पात्यांची वळणं या गोष्टी तर नौदलं जपूनच ठेवतात. मॉडेलकाराचा मुख्य आधार म्हणजे फोटो. चांगला मॉडेलकार फोटो कसा वाचतो, हे खरंच बघण्यासारखं आहे. आधी नाळेवरचा पांढरा क्रमांक वाचून जहाज पक्कं करतो. मग तारीख बघतो. ओळींमध्ये दिलेल्या तारखेवर लगेच विश्वास ठेवत नाही; मागच्या बाजूला जवळून मारा करणारी फॅलँक्स तोफ आहे की नाही, धुराड्यातल्या नळ्या वर डोकावतात की आत लपल्या आहेत, यावरून ती ताडून बघतो. इतिहासाचे विद्यार्थी याला कागदपत्राची अंतर्गत चिकित्सा म्हणतात.

पण याच मंडळींचा एक दोष सर्रास दिसतो. गंजाचे ओघळ, काळपट डाग, पत्र्यांवरचे खळगे हे सगळं अनेकदा खऱ्या जहाजाचा फोटो बघून नाही, तर दुसऱ्या नावाजलेल्या मॉडेलचा फोटो बघून केलं जातं. खळग्यांचंच घ्या. पातळ पत्रा आतल्या फासळ्यांच्या मध्ये किंचित दबलेला दिसतो, हे खरं. पण ऊन तिरपं असलेल्या फोटोत तो जास्तच उठून दिसतो, आणि नजरेत भरतात ते असेच फोटो. त्यावरून एकानं मॉडेल केलं, त्याचं बघून दुसऱ्यानं जरा आणखी खोल केलं, तिसऱ्यानं आणखी. दोन सेंटिमीटरचा खळगा 1:350 मध्ये 0.06 मिलिमीटरचा व्हायला हवा, म्हणजे बोटाला जाणवूही नये. प्रत्यक्षात जहाज उपाशी जनावरासारखं बरगड्या दाखवत उभं असतं.

मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या लेखातून संदर्भ उचलणं म्हणजे हेच. मूळ लेखकानं ‘काही प्रमाणात’ म्हटलेलं तिसऱ्या प्रबंधापर्यंत ‘सिद्ध झाले आहे’ होतं. वाटेत कुणीही मुद्दाम खोटं बोललेलं नसतं.

आपल्याकडच्या जहाजांबद्दल एक सूचना. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस मोरमुगाओ, गोव्यातल्या मुरगाव बंदराचं नाव असलेली, 18 डिसेंबर 2022 ला नौदलात आली. लांबी 163 मीटर, म्हणजे 1:350 मध्ये 466 मिलिमीटर. तिचं मॉडेल करावंसं कुणालाही वाटेल. पण पुरावा कमी पडतो म्हणून गोदीच्या आसपास कॅमेरा घेऊन फिरू नका. तिथे फोटो काढायला कायद्यानं बंदी असते. प्रसिद्ध झालेल्या अधिकृत छायाचित्रांवर काम करा, आणि जिथे दिसत नाही तिथे ‘अंदाज’ असं लिहा. परवानगी नसलेली माहिती सोडून देणं हाही पद्धतीचाच भाग आहे. मुलाखती घेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

तिसरा प्रश्न, सगळ्यात महत्त्वाचा : कशासाठी?

आतापर्यंत आपण ‘दिसणं’ हाच हेतू धरला. आता हेतू बदलून पाहू.

जहाजाला पाण्याचा विरोध किती होईल हे मोजायला मॉडेल लांब हौदात ओढतात. ही पद्धत विल्यम फ्राउडनं 1870 च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की इथे बसवली. लाटांचं चित्र खऱ्यासारखं यायला हवं, तर मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळानं कमी करावा लागतो. 30 नॉट, म्हणजे सेकंदाला 15.4 मीटर वेगानं जाणारी विनाशिका 1:350 मध्ये सेकंदाला सुमारे 0.82 मीटरनं ओढावी लागेल. वजन घनानं कमी होतं : 9,200 टनांचं जहाज जेमतेम 215 ग्रॅमचं. एवढ्या लहान मॉडेलवर पाण्याचा चिकटपणा आणि पृष्ठताण यांचा प्रभाव खऱ्या जहाजाच्या तुलनेत अफाट वाढतो. तुमचं कठडे-बिठडे लावलेलं देखणं मॉडेल इथे निरुपयोगी आहे.

याउलट संशोधनात वापरलं जाणारं 5415 हे मॉडेल बघा. 1980 च्या सुमाराच्या अमेरिकन युद्धनौकेचा प्राथमिक आराखडा, नाळेखाली सोनारचा फुगवटा, मागे सपाट कापलेली पिछाडी. लांबी 5.72 मीटर, प्रमाण सुमारे 1:24.8. ना रडार, ना तोफ, ना कठडे. आणि गंमत म्हणजे या आराखड्याचं खरं जहाज कधी बांधलंच गेलं नाही! तरीही जगभरात संगणकीय प्रवाहगणित तपासायला हा आकार वापरतात, कारण तो सगळ्यांना खुला आहे आणि त्यावरची मोजमापं अमेरिकेतल्या दोन आणि इटलीतल्या एका प्रयोगशाळेनं केलेली आहेत. आयोवाच्या प्रयोगशाळेनं तर त्याच आकाराचं लहान, 3.05 मीटरचं मॉडेल करून तपासलं. मूळच अस्तित्वात नसलेल्या जहाजाचं मॉडेल ‘अचूक’ कसं? कारण इथे अचूकता खऱ्या जहाजाशी ताडलेली नाही. ठरवून दिलेल्या आकाराशी आणि पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या मोजमापांशी ताडलेली आहे.

म्हणजे खऱ्या वस्तूशी ताडायची गरजच नाही, असं समजू नका. फ्राउडनं 1871 मध्ये ग्रेहाउंड नावाची खरी युद्धनौका दुसऱ्या जहाजाकडून ओढवून घेतली आणि तिला होणारा विरोध मोजला. मॉडेलवरून केलेला अंदाज कुठे जुळतो आणि उरलेला फरक कशामुळे, हे त्याला बघायचं होतं. आपल्या मॉडेलला चूक ठरवू शकेल असा प्रयोग त्यानं स्वतःच उभा केला. प्रबंधातल्या ‘वैधता’ या प्रकरणाचा अर्थ एवढाच आहे.

तुलना कुठे संपते?

हे उदाहरण फार ताणू नये. मॉडेलकाराला निदान तत्त्वतः मूळ जहाज दिसू शकतं. कुठेतरी बंदरात ते उभं आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या विषयात ‘मूळ’ असं दाखवता येत नाही. ‘आत्मविश्वास’, ‘सामाजिक भांडवल’, ‘भाषिक क्षमता’ यांच्या बाजूला पट्टी ठेवता येत नाही. तिथे दोन स्वतंत्र मार्गांनी तेच उत्तर येतं का, हे बघावं लागतं. दुसरं म्हणजे, मॉडेल कपाटात ठेवलं की छंद पूर्ण होतो. तुमचं मॉडेल मात्र दुसरा कुणीतरी वापरणार आहे, त्यावर निर्णय घेणार आहे. म्हणून त्याच्या मर्यादा सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर जास्त आहे.

सिनॉप्सिसच्या आधी एक पान

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या विषयासाठी कोऱ्या पानावर ही पाच उत्तरं लिहा, प्रत्येकी दोन-तीन ओळींत.

1. माझं ‘जहाज’ कोणतं? वर्ग नको, नेमकं नाव.
2. कोणत्या तारखेचं किंवा काळाचं?
3. हे मॉडेल कोणत्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी आहे, आणि कोणत्या प्रश्नासाठी अजिबात नाही?
4. कोणती गोष्ट मी जाणूनबुजून चुकीची ठेवतोय किंवा ठेवतेय, किती प्रमाणात, आणि का?
5. मी चुकलो किंवा चुकले आहे हे कोणत्या निरीक्षणानं कळेल?

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड जाईल. मॉडेलकारांचंच उदाहरण घ्या. अमेरिकन जहाजांच्या राखाडी रंगाचा प्रमाणित क्रमांक 26270 आहे. पहिला 2 हा अर्धचकाकी दाखवतो. लहान मॉडेलवर तेवढी चकाकी खेळण्यासारखी दिसते, म्हणून बरेच जण तोच रंग चकाकीविना, म्हणजे 36270, वापरतात. नियम मोडला, पण काय मोडलं, किती आणि कशासाठी, हे एका आकड्यात सांगता येतं. तुमच्या गृहीतकांबद्दल इतकं नेमकं सांगता आलं, तर समितीसमोर ‘अचूक’ हा शब्द खुशाल वापरा. नाही आलं, तर तो तूर्त खोडा आणि त्या जागी तुम्ही प्रत्यक्षात काय मोजणार आहात ते लिहा.